चिंध्यांच्या कागदाचा ड्रॅगन

एक होता राजा, आणि त्याला वाटायचं, जगातलं सगळं तो एकटाच करतो.

नील, पाय आत घे पांघरुणात. आणि रेवा, तू तिकडे तोंड फिरवलंस तरी कान इकडेच आहेत, ठाऊक आहे मला. संध्याकाळी कागदाचा ड्रॅगन जमेना म्हणून चुरगाळून फेकलास. मी जवळ आले तर म्हणालीस, "मला नको कोणाची मदत!" बरं बाई, नको तर नको. गोष्ट तर ऐकशील?

तर त्या राजाच्या गावात एक कागदी आळी होती. कागदी म्हणजे कागद बनवणारे. गावची रीतच होती, फाटकं कापड टाकायचं नाही, कागदी आळीत नेऊन द्यायचं. मग ते लोक चिंध्या कुटायचे, ओढ्याच्या पाण्यात भिजवायचे, हौदात लगदा कालवायचे. मग दोघांनी दोन बाजूंनी जाळीचा साचा धरायचा, लगद्यात बुडवायचा आणि हळूच वर उचलायचा. तिसऱ्याने तो ओला कागद भिंतीवर चिकटवायचा. वाळला की आणखी कोणीतरी गुळगुळीत दगडाने घोटायचा. एका कागदाला इतके हात लागायचे, बरं का.

एकदा काय झालं, राजाला बदकांसाठी तळं हवं झालं. हुक्की आली, झालं! त्याने बांध घातला आणि सगळा ओढा अडवला. बदकं मजेत, आणि आळीतले हौद कोरडे ठाक. पाणी नाही तर कागद नाही, आणि कागद नाही तर चूल पेटत नाही. मोठी माणसं गप्प बसली. जैबू नाही बसली.

जैबू म्हणजे दाऊद कागद्याची मुलगी. दहा वर्षांची, अंगाने काडी आणि जिभेने मिरची. ती तडक राजाकडे गेली. राजा जेवत होता. पुढ्यात चिनी मातीची लोणच्याची बरणी होती, आणि बरणीवर निळा ड्रॅगन काढलेला होता.

"महाराज, आमचा ओढा सोडा," जैबू म्हणाली.

राजाने बोट चाटलं. मग त्याच बोटाने बरणी दाखवली. "हा ड्रॅगन मला कागदाचा करून दे. कागद एकच. कात्री नाही, खळ नाही. चार पाय, दोन पंख, अंगभर खवले, डोक्यावर तुरा. तीन दिवसांत. आणि एकटीने! जमला तर ओढा तुमचा. कोणाची मदत घेतलीस, तर तुझी आळी गावाबाहेर, आणि मदत करणाराही गावाबाहेर."

"करते," जैबू म्हणाली.

घरी अब्बांनी कपाळाला हात लावला. हौदाच्या तळाशी एकाच कागदापुरता लगदा उरला होता. तो त्यांनी उचलला, वाळवला, घोटला. मग जैबूच्या हातात दिला. हा फाटला की संपलं.

पहिल्या दिवशी जैबूने पोट केलं, पाय केले. पण पंख काही उघडेनात. घडी उलगडायची, पुन्हा घालायची. कागद मऊ पडायला लागला, आणि जैबूच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारची जानकीकाकू कुंपणावरून बघत होती. ती सरळ आत आली आणि फतकल मारून बसली.

"अगं, ह्या तर निऱ्या! आण इकडे."

"काकू, राजाला कळलं तर?"

"कळू दे! चाळीस वर्षं नऊवारीच्या निऱ्या घालतेय मी. त्याला विचारून घालते का?"

जानकीकाकूने चिमटीत कागद धरला, सरसर निऱ्या घातल्या, आणि पंख उघडले.

दुसऱ्या दिवशी खवल्यांपाशी गाडं अडलं. इतकुशा तिकोनी घड्या, एकीत एक खोचलेल्या. मग आला दगडू तांबोळी. त्याची बोटं विडे बांधून बांधून लाल झालेली. त्याने आधी दाराबाहेर डोकावून पाहिलं. घाबरला होता हो! पण बसला. "विड्याची घडी ही," तो म्हणाला. "आणि गावाबाहेर काढलं तर काढलं. पान काय, लोक कुठेही खातात." दिवसभर बसून त्याने जैबूला एकेक खवला दाखवला.

तिसऱ्या दिवशी राहिला तुरा. त्याला आली पार्वतीआजी. तिला धड दिसत नव्हतं, पण मोदकाच्या पाकळ्या बोटांनी पाठ केलेल्या. "चिमूट घट्ट नको गं, फुटेल," एवढंच म्हणाली, आणि तुरा उभा राहिला.

मग जैबू ड्रॅगन घेऊन दरबारात गेली. मागे सगळं गाव. ड्रॅगन मांजराएवढा, चार पायांवर ताठ उभा. राजाने पुढून पाहिलं, मागून पाहिलं. खोट सापडेना. मग त्याने डोळे बारीक केले. "एकटीने केलास?"

आता बघा हं. कोणी पाहिलं नव्हतं. जैबू नुसतं "हो" म्हणाली असती तर ओढा मिळाला असता.

जैबू म्हणाली, "नाही. मदत घेतली. कोणाची ते सांगणार नाही."

"मग हरलीस!"

"माझी घेतली मदत," मागून जानकीकाकू ओरडली. "काढ मला गावाबाहेर!"

"माझीही," तांबोळी म्हणाला. आवाज जरा चिरका निघाला, पण निघाला.

"आणि माझी," पार्वतीआजी म्हणाली.

मग कोणी म्हणालं, त्या कागदात माझं जुनं लुगडं आहे. कोणी म्हणालं, माझ्या बापाची पगडी आहे. कोणी म्हणालं, माझ्या बाळाचं दुपटं आहे. गाव नुसतं गलका करायला लागलं. आणि जैबू पुढे झाली, कमरेवर हात ठेवून.

"महाराज, कागदच एकट्याने होत नाही, तर ड्रॅगन कसा होईल? आणि ही तुमची पगडी, ती तुम्ही एकट्याने बांधलीत?"

राजा लालबुंद झाला. "सगळे गावाबाहेर!" तो ओरडला.

आणि तेवढ्यात, ऐका हं, ड्रॅगनने डोळा उघडला.

त्याने निऱ्यांचे पंख फडफडवले आणि निघाला तळ्याकडे. राजा हसला. "कागद तो! पाण्यात गेला की संपला!" ड्रॅगन पाण्यात उतरला आणि प्यायला लागला. कागद पाणी शोषतो, माहीत आहे ना? प्याला, फुगला. म्हशीएवढा झाला. प्याला, फुगला. हत्तीएवढा झाला. बदकं ओरडत काठावर पळाली. मग त्याने बांधाला पाठ लावली आणि एकच रेटा दिला. धाडकन बांध फुटला!

ओढा धावत सुटला, आणि ड्रॅगन त्याच्याबरोबर. वाटेत पंख सुटले, खवले सुटले, तुरा सुटला. कागदी आळीत पोचेपर्यंत त्याचा लगदा झाला होता. हौद काठोकाठ भरले. जैबू रडली. रडणारच हो, तिचा ड्रॅगन तो. पण अब्बा म्हणाले, "जैबू, त्या बाजूने साचा धर." मग दोघांनी मिळून कागद उचलला. उजेडात धरला, तर त्यात बारीक बारीक खवले दिसत होते.

राजाला नवा हुकूम काढायचा होता. पण कागद? ओढा अडवल्यापासून वाड्यातही एक कागद उरला नव्हता. जैबू म्हणाली, "देते. पण पहिला हुकूम आम्ही सांगू तो." मग एकाने दौत धरली, दुसऱ्याने बोरू तासून दिला, तिसऱ्याने कागद दाबून धरला, आणि राजाने खालमानेने लिहिलं: ओढा गावाचा. बघा, एवढ्या दोन शब्दांना चार माणसं लागली!

मग हौद भरलेले राहिले, चुली पेटत्या राहिल्या, बदकांनाही ओढ्यात जागा मिळाली. सगळी सुखात नांदली. राजासुद्धा, थोडासा.

नील झोपला वाटतं. रेवा, तूही मीट डोळे. तो चुरगाळलेला कागद मी उचलून ठेवलाय गं, उशीखाली सपाट करायला. सकाळी आण माझ्याकडे. मला ड्रॅगन येत नाही. पण निऱ्या येतात.