रेघवालीचा डबा आणि पाचवा संघ

फार वर्षांपूर्वी डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात बारा गावं होती आणि बारा गावांत मिळून एकच रेघवाली होती. तिची एकच तक्रार होती. चुलीपुढे बसली तरी तीच, पाणवठ्यावर गेली तरी तीच.

“माझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास नाही मेला! रेघ बोटभर वाकडी आली तर ह्यांना लगेच दिसते. माणसं हातभर वाकडी चालली तर दिसत नाहीत.”

रेघवालीचं काम असं, की त्या खोऱ्यात हुतुतूचं फार वेड. सुगी संपली, खळी रिकामी झाली की गावोगाव डाव सुरू व्हायचे. सारवून कडक झालेलं खळं हेच मैदान. त्यावर फक्की टाकून पांढऱ्या रेघा मारायच्या. ते काम हिचं. तळाला भोकं पाडलेला एक पत्र्याचा डबा होता तिचा, सासूकडून आलेला. त्यात फक्की भरायची, डबा डोक्यावर घ्यायचा आणि बारा गावं पायी फिरायची. म्हणून सगळ्या गावांचे सगळे डाव पाहिलेलं माणूस खोऱ्यात एकच होतं, ते म्हणजे ती.

गडी रेघेबाहेर गेला की नाही असा वाद झाला, तर शेवटचा शब्द तिचाच. तेवढं मात्र सगळे मानायचे. रेघेबद्दल तिला विचारायचे, माणसांबद्दल विचारायचे नाहीत.

थंडीभर डाव चालायचे आणि जत्रेला शेवटची लढत व्हायची. पण जत्रेत खेळायला मिळायचं फक्त चार संघांना. जो जिंकेल त्याच्या गावात मानाचा ढोल वर्षभर राहायचा. हे चार संघ कोण निवडणार? तर पाच पंच. पारावर बसायचे, पान खायचे आणि चार नावं सांगायचे.

आता ऐका गंमत. पंचांनी कुठल्या गावचा डाव बघायला जायचं, ह्याची एक रीत होती. गावानं नारळ देऊन बोलावणं धाडायचं आणि डाव झाला की पाचही पंचांना पुरणपोळीचं ताट वाढायचं. बोलावल्याशिवाय पंच जायचे नाहीत, कारण न बोलावता जाणं शोभत नाही. त्यामुळे ज्या गावात गूळ, डाळ, तूप भरपूर, त्या गावात पंच चार-चार वेळा जायचे. ज्या गावात नाही, तिथे जायचेच नाहीत.

कड्यावर एक वाडी होती. तीस उंबरे, नाचणीची शेती, गुळाचा खडा सणाला दिसला तर दिसला. वाडीचा संघ तीन वर्षांत एकही डाव हरला नव्हता. पण पाच ताटं पुरणाची आणायची कुठून? भाकरी वाढायची तर लाज वाटायची. म्हणून वाडीनं कधी पंचांना बोलावलं नाही. पंच म्हणायचे, “बोलावणं येत नाही म्हणजे संघ काही धड नसणार.” वाडीवाले म्हणायचे, “पंच येत नाहीत म्हणजे आपली किंमतच नाही त्यांना.” दोन्हीकडे अशी तोंडं फुगलेली.

त्या वर्षी पंच पारावर बसले. रेघवाली न बोलावता गेली आणि डबा पारावर आपटून म्हणाली, “अण्णा, तुम्ही निवडलेला चौथा संघ वाडीपुढे पोरखेळ आहे.”

ती अण्णा म्हणाली ते थोरल्या पंचांना. पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ. चौथा संघ होता नदीकाठच्या गावाचा. त्या गावची पोळी अशी मऊ, की घास तोंडात विरघळायचा.

दुसरे पंच हसले. “अगं, वाडी तुझं माहेर आहे की काय?”

“माझं माहेर घाटापलीकडे. तिथं हुतुतू नाही, नुसत्या शेळ्या आहेत.”

“मग वाडीनं तुला काय दिलं?”

“पाणी दिलं, तेही मागितल्यावर. मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगते.”

“तू रेघा मार बाई. निवडायला आम्ही आहोत.”

“तुम्ही डाव निवडता की ताटं निवडता?”

झालं! पारावर एकच गलका उठला. तिसरे पंच म्हणाले, “एवढीच ओरड होत असेल तर चाराऐवजी आठ संघ घेऊ.” चौथे म्हणाले, “आठात नववा रडेल. सोळाच घ्या, कटकट नको.”

“अहो, गावं बारा आहेत.”

“मग चार वसवा!”

सगळे हसले. थोरले पंच हसले नाहीत. त्यांनी रेघवालीला विचारलं,

“तू म्हणतेस त्याला साक्ष कोण?”

“कोणी नाही. तुम्ही कधी वर चढलाच नाहीत, तर साक्ष कुठून येणार?”

“मग असं करू. ह्या वर्षी वाडीला पाचवा संघ म्हणून घेऊ. जत्रेच्या आठ दिवस आधी नदीकाठच्या गावाशी एक डाव. जिंकेल तो चौथा. पण बाई, भर पारावर तू आम्हा पाचांवर ताटाचा आळ घेतलास. वाडी हरली तर तुझा डबा माझ्या पायाशी ठेवायचा. पुन्हा ह्या खोऱ्यात रेघ मारायची नाही.”

रेघवालीनं डब्याकडे पाहिलं. नवरा नव्हता, शेत नव्हतं. होता तो डबा. पण ती मागं हटणारी नव्हती. “कबूल!” म्हणाली आणि डबा उचलून चालू लागली.

डावाच्या दिवशी, पंचांचा पार होता त्या थोरल्या गावाच्या खळ्याभोवती मुंगीला वाट नव्हती. वाडीचे सात गडी कड्यावरून चालत आले. पायांत वहाणा नाहीत, टाचा दगडासारख्या. नदीकाठच्या पोरांनी टोमणा मारला, “काय रे, नाचणी खाऊन दम निघतो का?”

वाडीचा म्होरक्या म्हणाला, “दम निघतो. ढेकर निघत नाही.”

डाव सुरू झाला आणि दोन चढायांतच लोकांची तोंडं बंद झाली. वाडीचे गडी असे खेळले, की बघणाऱ्यानं पापणी लववू नये. पकड अशी, की धरलेला हलू नये. पण नदीकाठचेही कच्चे नव्हते, तेही पेटून उठले. पंचांनी पान तोंडात धरलं ते चावायचं विसरले. शेवटी दोन्हीकडे बावीस-बावीस गुण आणि एकच चढाई उरली. ती वाडीची.

वाडीचा सगळ्यात धाकटा गडी चढाईला गेला. “हुतुतुतुतु” करत एकाला शिवला. चौघं त्याच्या अंगावर पडले. तो कडेला घसरला, वळला, दोघांच्या हातातून निसटला आणि मधल्या रेघेवर हात टेकून पडला. धुरळा उठला. वाडीवाले नाचायला लागले. म्होरक्यानं पोराला खांद्यावर घेतलं.

नदीकाठचा एक गडी ओरडला, “बाहेर गेला होता! कडेची रेघ मोडली!”

“काही मोडली नाही! जळतोस!”

धुरळ्यात कुणालाच काही दिसलं नव्हतं. थोरल्या पंचांनी हात वर केला.

“रेघवाले, तू कडेला बसली होतीस. रेघ मोडली का?”

रेघवाली उठली. तिनं पाहिलं होतं. वळताना पोराची टाच रेघेपलीकडे गेली होती. एवढीशी, बोराएवढी. खळ्यावर पुसलेली फक्कीही धुरळ्यात मिसळली होती. ती नाही म्हणाली असती, तर जगात कुणाला कळलं नसतं. वाडी जिंकली असती. तीन वर्षं ती जे घसा फोडून सांगत होती, ते खरं ठरलं असतं. डबाही राहिला असता.

तिनं वाडीच्या माणसांकडे पाहिलं. म्हाताऱ्या बायका पदर तोंडात धरून उभ्या होत्या. मग तिनं रेघेकडे पाहिलं.

“मोडली,” ती म्हणाली. “त्याची डावी टाच बघा. पांढरी असेल.”

म्होरक्यानं पोराला खाली उतरवलं. टाच पांढरी होती.

गडी बाद. नदीकाठ तेवीस, वाडी बावीस. वाडी हरली.

रेघवाली खळ्यातून चालत आली आणि तिनं डबा थोरल्या पंचांच्या पायाशी ठेवला. तोंड मात्र गप्प बसेना. “घ्या. पण जाताना एक सांगते. डाव वाडी हरली. मी खोटं बोलले नव्हते.”

दुसरे पंच डबा उचलायला वाकले. थोरल्या पंचांनी त्यांचा हात धरला.

“थांबा. डबा जाणार हे माहीत असून जी बाई बोराएवढ्या टाचेबद्दल खोटं बोलली नाही, ती अख्ख्या वाडीबद्दल खोटं बोलेल?”

तेवढ्यात नदीकाठचा म्होरक्या घाम पुसत पुढे आला. “पंच, मी सांगू? आज आम्ही जिंकलो ते एका टाचेनं. हे दर वर्षी आमच्या अंगावर आले असते, तर आम्ही कधी चौथे झालोच नसतो.”

मग थोरले पंच स्वतः वाकले. त्यांनी डबा उचलला, उपरण्यानं पुसला आणि रेघवालीच्या हातात दिला. म्हणाले, “आता बस आणि सांग. तुझ्या मते कसं करायला हवं?”

रेघवाली क्षणभर बावरली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी रेघेपलीकडचं विचारलं होतं. पण गप्प राहणं तिच्या जिभेला ठाऊक नव्हतं. ती खळ्यातच बसली आणि बोटानं धुळीत रेघा ओढत सांगू लागली.

“बाराही गावं खेळू द्या. गेल्या जत्रेतल्या चौघांनी पहिल्या फेरीला घरी बसायचं, तो त्यांचा मान. राहिलेल्या आठांनी आपसात खेळायचं. थंडीत ज्यानं जास्त डाव मारले, त्याच्या खळ्यावर डाव. म्हणजे वाडीलाही घरचं खळं मिळेल. त्यातले चार जिंकतील ते त्या चौघांशी भिडतील. उरतील चार, ते जत्रेला. दोन फेऱ्यांमध्ये आठ दिवस सोडायचे. गड्यांची अंगं आहेत ती, लोखंड नव्हे.”

“आणि आम्ही काय करायचं?” चौथ्या पंचांनी विचारलं.

“तुम्ही बघायचं. निवडायचं नाही. आणि येताना आपली भाकरी फडक्यात बांधून आणायची. पुरणपोळीचं ताट बंद.”

“सणालाही?” चौथे पंच रडकुंडीला आले.

“सणाला आपल्या घरी खा!”

खळं हसलं. पंचांनी माना हलवल्या. रीत ठरली.

घरी जायच्या वेळी वाडीचा तो धाकटा गडी रेघवालीजवळ आला. तिला वाटलं, आता हा शिव्या देणार. पोरगा तिच्या पाया पडला.

“आक्का, टाच गेली ते मला कळलं होतं. मी गप्प बसलो. तू बोलली नसतीस तर मी जत्रेत चोरासारखा खेळलो असतो. तुझे उपकार झाले.”

“उपकार कसले? पुढच्या वर्षी टाच उचलून खेळ, म्हणजे फिटले,” ती म्हणाली आणि डोळे पुसताना डबा तोंडापुढे धरला.

पुढच्या थंडीत पहिल्या फेरीचा डाव वाडीच्या खळ्यावर झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खोरं कडा चढून वर आलं. वाडीच्या बायकांनी रात्रीच खळं सारवून ठेवलं होतं. पंच धापा टाकत पोचले, पण फडक्यातली भाकरी वाटेतच संपलेली. वाडीच्या म्हाताऱ्या बायका लाजत लाजत पुढे आल्या. “आमच्याकडे नाचणीची भाकरी आणि लसणीची चटणी आहे, चालेल का?” चौथ्या पंचांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथी मागितली. “एवढी वर्षं ही का लपवलीत?” म्हणाले. लाज मोडली ती तिथेच.

वाडीनं तो डाव मारला, त्याच्या पुढचाही मारला आणि जत्रेत आली. तिथे थोरल्या गावाशी हरली. पण हरून परतताना वाडीवाले असे नाचत गेले, की ढोल कुणाकडे आहे हे ओळखू येऊ नये. कारण ह्या वेळी त्यांना मैदानानं हरवलं होतं, पारानं नव्हे. रेघवाली त्यांच्या मागून डबा डोक्यावर घेऊन चालत होती. वाटेत भेटेल त्याला हात जोडत होती. पोराच्या टाचेला, नदीकाठच्या म्होरक्याला, वाडीच्या भाकरीला, सगळ्यांना तिनं मनात नमस्कार घातला.

त्या जत्रेत एक प्रश्न निघाला होता. इतकी वर्षं वाडीवर अन्याय झाला, तो कुणामुळे? दुसरे पंच म्हणाले, वाडीनं बोलावलं नाही, चूक वाडीची. तिसरे म्हणाले, रेघवाली गोड बोलली असती तर ऐकलं असतं, चूक तिच्या जिभेची. चौथे म्हणाले, चूक पुरणपोळीची. पाचवे नेहमीप्रमाणे झोपले होते.

थोरले पंच उठून उभे राहिले. “पोळी काही आपल्या पायांनी तोंडात येत नाही. पारावर मोठा मी होतो. एकदा कडा चढलो असतो तर दिसलं असतं. ही गोष्ट पुढे पोरांना सांगाल, तेव्हा बाकी सगळ्यांची नावं गाळा. माझं गाळू नका.”

रेघवालीनं त्यांना वाकून नमस्कार केला. तिच्यावर विश्वास न ठेवणारे पुष्कळ होते. चूक कबूल करून डबा पुसून देणारा एकच होता. म्हणून त्या खोऱ्यात आजही ही गोष्ट सांगतात, तेव्हा सगळ्यांची नावं गाळतात आणि एक नाव शेवटी, हात जोडून घेतात.

तात्पर्य: निवाडा ताटावर बसून होत नाही, कडा चढून जाऊन बघावं लागतं, आणि स्वतःचं नुकसान होत असताना जो खरं बोलतो, त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवावा.

आणि चूक कुणाची, म्हणून पोरांनी विचारलं तर सांगायचं: सुभानजी मोकाशी.