हिरव्या कडा

“आता याहून मोठा पुरावा कुठून आणू, बाई?”

मिहिर शेंडगे मायक्रोस्कोपपासून बाजूला झाला. आवाज नम्र ठेवला होता त्यानं, पण मान ताठच. गडी हुशार, यात वादच नाही. फक्त ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याच्या मार्गदर्शक डॉ. भोसेकर बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला. अंधारात स्नायूचे धागे, आणि प्रत्येक धाग्याच्या कडेला हिरवागार उजेड...

“डिस्ट्रोफिन,” मिहिर म्हणाला. “स्नायूला बळ देणारं प्रथिन. या उंदरांत ते जन्मापासून नाही. मी एका पायात सुईनं औषध दिलं आणि ते आलं! दुसऱ्या पायात बघा, काळोख.”

“ओळखलंस कशावरून?”

“मोनोक्लोनल अँटिबॉडी लावली. ती एवढं एकच प्रथिन धरते, दुसऱ्या कशाला शिवतसुद्धा नाही. मग तिला धरणारी, चमकणारी दुसरी अँटिबॉडी वरून घातली. बाई, हे तर नवी पोरंही करतात.”

बाई अजून मायक्रोस्कोपवरच वाकलेल्या होत्या. त्यांचं हे सावकाश बघणं मिहिरला मुळीच सोसत नसे.

बाहेर व्हरांड्यात मिरजेच्या रुक्साना शिकलगार बसल्या होत्या. शेजारी चाकाच्या खुर्चीत त्यांचा अयान. त्याला या उंदरांचाच आजार, त्याच्या स्नायूंतही तेच प्रथिन नाही. मिहिरनंच फोन केला होता, “या ताई, डोळ्यांनी बघा, औषध लागू पडतंय.” बिचारी पोराला मांडीवर घेऊन एसटीनं आली. आणि बाईंना आधी एका शब्दानं विचारायची तसदी या शहाण्यानं घेतली नव्हती!

“तुझी मोनोक्लोनल कुणापासून तयार केलेली?” बाईंनी विचारलं.

“उंदरापासून.”

“आणि हा स्नायू?”

“उंदराचाच.”

“चमकणारी कुणाला धरते?”

“उंदराच्या अँटिबॉडीला... कुठल्याही.”

शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज जरा घसरला. पण मान अजून ताठ होती.

“याच पायाची आणखी एक स्लाइड कर,” बाई म्हणाल्या. “मोनोक्लोनल लावूच नकोस. नुसती चमकणारी लाव.”

मिहिरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “पहिलीच नसेल तर दुसरी धरणार कुणाला? कोरी स्लाइड बघून काय मिळणार? आणि ताई बाहेर ताटकळल्यात!”

“कर.”

केली. आदळआपट करत केली, पण केली. तासभर गेला. मधे एकदा बाहेरून अयानचा हसण्याचा आवाज आला, तेव्हा त्याचा हात उगाचच थांबला.

मग त्यानं दिवा लावला आणि डोळा लावला.

हिरव्या कडा... अगदी तशाच!

“छे... काहीतरी चुकलंय.” त्यानं स्लाइड काढली, परत बसवली, सरकवून बघितली. जिकडं बघावं तिकडं हिरवं.

“हा उजेड कशाचा?” बाईंनी विचारलं.

“सुई टोचली तिथं जखम झाली, रक्त झिरपलं. रक्तात उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडी असतात. चमकणारीनं त्याच धरल्या.” तो थांबला. “दुसऱ्या पायाला मी सुई लावलीच नव्हती.”

“म्हणजे?”

“म्हणजे हा उजेड माझ्या जखमेचा आहे, बाई.”

“आणि औषध?”

“ते लागू पडलं की नाही... मला माहीत नाही.”

एवढं बोलून तो मटकन स्टुलावर बसला. लाज वाटत होती, राग येत होता, आणि त्या दोन्हींच्या खाली त्या आईचा चेहरा.

मग तो हळूच म्हणाला, “आजचा दिवस पहिली स्लाइड दाखवू का? एवढ्या लांबून आल्यात... खूश होऊन जातील. खरं काय ते मागाहून कळवू.”

बाईंनी पहिली स्लाइड उचलली आणि त्याच्यापुढे धरली.

“घे. दाखव जा.”

मिहिरनं स्लाइडकडं पाहिलं. बाईंचा हात तसाच पुढं होता. त्याचा काही पुढं होईना...

शेवटी तो रिकाम्या हातांनीच उठला. दारापाशी गेला, कडीला हात लावला आणि तिथंच खिळला.

“बाई, मला भीती वाटते.”

“मग जा,” बाई म्हणाल्या. “आता तू सांगशील ते त्या आईनं खरं मानायला हरकत नाही.”