पैलवानाची पेज

फार फार जुनी गोष्ट. एका राज्यात पैलवानांचं एक गाव होतं. तिथल्या तालमीचा एक अजब नियम होता. पैलवानाच्या पेल्यात पातळ काही ओतायचं नाही! दूध आटवलेलं हवं, थंडाई बदामाची हवी. भाताची पेज म्हणजे दुबळ्यांचं पिणं. नियम कुणी केला, कशासाठी केला, हे कुणी विचारलं नव्हतं. छाती फुगवून फिरणाऱ्या एकाही गड्यात तेवढी हिंमत नव्हती.

जत्रेची कुस्ती तोंडावर आली आणि गावच्या मल्लाचं पोट बिघडलं. जुलाब थांबेनात. जीभ कोरडी पडली, डोळे खोल गेले. उठून बसलं तरी घेरी यायची.

वस्तादांनी आटीव दुधाचा तांब्या पुढे केला. "पी गड्या, ताकद येईल."

मल्ल प्यायला आणि धावत परसाकडे गेला. मग थंडाई आली. पुन्हा धाव.

"अजून घट्ट करा रे!" वस्तादांनी फर्मावलं.

मल्लाला वाटलं, कुस्ती राहू दे, आपण जगतो तरी का? पण पेज मागायची कशी? मरणाची भीती होती, लाज तिच्याहून मोठी होती.

तेवढ्यात दारात एक आडदांड गडी आला. शेजारच्या गावचा मल्ल. जत्रेत कुस्ती ठरली होती ती याच्याशीच. हातात मडकं.

"काय आणलंस?" वस्ताद गरजले.

"पेज. मीठ घातलेली."

"आमच्या गड्याला दुबळा करायला आलास होय?"

"वस्ताद, त्याचं आधीच चिपाड झालंय. चिपाडाला चीत केलं तर लोक मला हसतील!" मग तो मल्लाजवळ बसला. "गड्या, मीही असाच पडलो होतो. आईनं हेच पाजलं. घोट घोट घे. उलटी झाली तर जरा थांब, पुन्हा घे."

मल्लानं हात जोडले. "वस्ताद, तुमचा शब्द माझ्या डोक्यावर. पण जुलाब मला होताहेत!"

आणि त्यानं मडकं ओढून घेतलं.

पहिला घोट पोटात राहिला. दुसराही राहिला. दिवसभर पेज चालली, मग चार दिवस मऊ भात. जत्रेला गडी दंड थोपटत उभा!

लाल माती उडाली, डावावर डाव पडले आणि शेजारचा मल्ल उताणा झाला. पडल्या पडल्या ओरडला, "अरे, पेज जरा बेतानं पाजायला हवी होती!"

सारी जत्रा हसली. जिंकलेल्यानं हरलेल्याला खांद्यावर घेतलं आणि गावभर नाचवलं. पुढे त्या तालमीत आजारी गड्यासाठी पेज शिजू लागली. वाढायला पळी घेऊन वस्ताद स्वतः बसायचे.

तात्पर्य: आजारपणात पोटात टिकेल आणि अंगाला पाणी देईल तेच प्यावं, मग ते मानाचं असो वा नसो.