जात्याची काच

वस्तूंना वाचा होती आणि साहेब लोक त्यांचं ऐकूनही घेत, तेव्हाची गोष्ट. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या एका संग्रहालयात राजाची तलवार काचेच्या पेटीत, दिव्याखाली ठेवली होती. समोर उघड्यावर एक दगडी जातं होतं. येणाऱ्या बायका त्याचा खुंटा धरून दोन फेरे ओढत, जुनी ओवी गुणगुणत. पण जात्याचं लक्ष सदा तलवारीकडे. मेलीला धार तरी उरलीय का? तरी काच तिला, दिवा तिला! जात्याचा नुसता जळफळाट होई.

शेवटी ते साहेबांवर तडकलंच. "पैसा सगळ्या लोकांचा, मग हा पंक्तिप्रपंच कशाला? मलाही काच हवी!"

साहेबांना पटलं. जात्यावर काच चढली, दिवा लागला. जातं फुशारून तलवारीकडे बघू लागलं.

दुसऱ्या दिवशी नेहमी येणाऱ्या कोंडाबाई नातीला घेऊन आल्या. खुंट्याकडे गेलेला त्यांचा हात काचेवर अडला.

"चल गं," त्या नातीला म्हणाल्या, "हेही राजाचं झालं."

त्यांच्या बोटांचे ठसे काचेवर राहिले. संध्याकाळी शिपायाने तेही पुसून टाकले.