कालव्याचं कुलूप

"तुम्ही सांगितलंत तर घाटावरच्या धुणं धुणाऱ्या बायका उठतील. सांगाल ना, बाबा?"

यासीनबाबा बांबूच्या आकड्यानं पाण्यातलं निर्माल्य ओढत होते. कालव्याकाठच्या तक्यात, फकिरांच्या मठीत, राहणारा हा म्हातारा फकीर. सकाळचे दोन तास त्यांचं हेच काम.

केतकी हॉलंडमध्ये पाण्याचं शास्त्र शिकून आली होती. तिथले कालवे पाहिल्यापासून आपल्या शहरातला हा कालवा तिच्या डोळ्यांत सलत होता. आठ महिन्यांपूर्वी तिनं चाळीस स्वयंसेवक जमवले. पुलापलीकडचा काठ लख्ख केला, जाळी ठोकली, दाराला कुलूप घातलं. उद्या पुलाअलीकडच्या धुण्याच्या घाटालाही जाळी लागायची होती.

"उठून जातील कुठं?" बाबांनी विचारलं.

"होईल काहीतरी सोय. पण साबणाचं पाणी रोज कालव्यात जातं. हे चूक नाही का?"

"चूकच आहे."

केतकीला हायसं वाटलं. "मग?"

बाबांनी ओढलेलं निर्माल्य काठावर टाकलं.

एवढ्यात पुलावर स्कूटर थांबली. चष्मेवाल्या गृहस्थानं फुगलेली काळी पिशवी कठड्यावर टेकवली.

घाटावर गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या सगुणाबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"ओ चष्मेवाले! खाली माणसं आहेत, उकिरडा नाही! मंगळवारी पण तुम्हीच होता ना?"

"फुलं आहेत हो, काकू..."

"फुलांना कोंबडीचा वास कधीपासून यायला लागला?"

घाटभर हशा पिकला. स्कूटर पिशवीसकट पळाली.

केतकीही हसली.

"आणि पलीकडे, जाळीच्या आत?" बाबा म्हणाले. "तिथं कोण टाकतं?"

तिचं हसू मावळलं. जाळीच्या आत फाटक्या गाद्या आणि राडारोडा साचला होता. तीनदा काढला, तीनदा भरला. तिसऱ्या वेळी चाळिसातले सहाच जण आले होते.

"माहीत नाही, बाबा. कुणी पाहिलंच नाही."

"हं... किल्ली आण."

केतकीनं गळ्यातली किल्ली काढून दिली. बाबांनी ती सरळ कालव्यात भिरकावली.

"बाबा!"

"म्हातारपणी नेम धरायला लागलात का, फकीरबाबा?" सगुणाबाई ओरडल्या. "इथं पडलेलं सगळं त्या फुटक्या फरशीपाशी अडकतं." त्या चार पावलं चालल्या, वाकल्या आणि किल्ली घेऊन उभ्या राहिल्या.

"द्या ना इकडे," केतकी म्हणाली.

"मी कशाला वर येऊ? हवी तर खाली ये."

केतकीनं बूट काढले. आठ महिन्यांत कालव्यात ती पहिल्यांदाच उतरत होती. शेवाळावरून पाय घसरला. सगुणाबाईंनी दंड धरला म्हणून वाचली.

पण किल्लीची मूठ काही त्यांनी उघडली नाही.

"उद्या आम्हाला उठवणारी तूच ना? तीस बायकांची पोटं आहेत या दगडांवर."

केतकीनं त्या मुठीकडे पाहिलं, मग पुलापलीकडच्या जाळीआडल्या राडारोड्याकडे; तिथं टाकणाऱ्याला हटकणारं कुणीच नव्हतं.

"राहू दे तुमच्याकडेच," ती अखेर म्हणाली. "इथं जाळी लागणार नाही. पलीकडचं दारही उद्या आपण मिळून उघडू. पण साबणाचं मी सोडणार नाही, सांगून ठेवते. त्यावरून मला तुमच्याशी भांडायचंय."

"भांड की. आधी हे धर."

ओल्या चादरीचं एक टोक तिच्या हातात आलं. दुसरं सगुणाबाईंकडे. केतकीनं त्यांच्या हातांकडे नीट पाहिलं आणि त्यांची चादर जिकडे फिरत होती, तिकडेच आपलं टोक फिरवायला लागली.

चादर नुसतीच गरगरली. थेंब पडेना.

बायका खदखदून हसल्या. केतकी रडकुंडीला आली.

"बाबा, मी तर अगदी त्यांच्याच बाजूनं वळवतेय!"

काठावर बाबांनी आकडा पुन्हा पाण्यात सोडला.

"उलटं वळव, बेटा. दोघींनी एकीकडे वळवलं, तर पाणी निघायचं नाही."