चौथा बोल्ट

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध मिस्त्री राहत होते. नाव येसू पांचाळ. पण त्या तालुक्यात नुसतं 'मिस्त्री' म्हटलं तरी पुरत असे. गुरू, आचार्य असले शब्द त्यांच्या वाट्याला कधी आले नाहीत. कोपरापर्यंत ग्रीस माखलेल्या माणसाला आपण असे शब्द सहसा देत नाही. मात्र चाळीस वर्षांत जी माणसं त्यांच्या हाताखालून गेली, ती आजही पाना त्यांच्यासारखाच धरतात. मला विचाराल तर विद्या म्हणतात ती हीच.

हात थरथरू लागले तेव्हा मिस्त्रींनी गॅरेज बंद केलं. घरात ते आणि त्यांची बायको, म्हणजे शिकाऊ पोरांच्या काकू, असे दोघंच उरले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची स्वतःची जुनी डिझेल जीप तेवढी राहिली. आणि एके दिवशी त्यांनी शहरातल्या आपल्या शिष्याला, अंकुश घोलपला, फोन केला.

"अंकुश, गाडी घाटात फार उकळते रे. गेल्या आठवड्यात निम्म्यातून परत यावं लागलं. येऊन बघतोस का?"

अंकुशचं आता मोठं गॅरेज होतं. हाताखाली बारा माणसं, आणि इंजिनाचं दुखणं पडद्यावर वाचून दाखवणारं यंत्र. तो चटकन म्हणाला, "मिस्त्री, माझी गाडी पाठवतो की. एसी आहे, काकूंना त्रास व्हायचा नाही."

"तुझ्या गाडीला आवाज नाही," मिस्त्री म्हणाले. "काकूचा भाऊ वर गावात अंथरुणाला खिळलाय. डोळेही गेलेत त्याचे. आपली जीप शेवटच्या वळणावर आली की आवाजावरून ओळखतो आणि म्हणतो, ताई आली. तिला त्याच आवाजात जायचंय. दिवस फार नाहीत म्हणतात त्याचे."

अंकुशने "येतो" म्हणून फोन ठेवला. ती जीप का उकळते, हे या जगात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, असा त्याचा सव्वीस वर्षांचा समज होता.

तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. एका दुपारी मिस्त्री म्हणाले, "आज माझ्या जीपचा पाण्याचा पंप तू बसव. मी बघणार नाही." केवढा तो मान! हा पंप इंजिनात पाणी फिरवतो आणि त्याला थंड ठेवतो. चार बोल्टांवर तो बसतो. मिस्त्रींचा नियम साधा होता: मनगटाला कळेल तेवढंच आवळायचं, खांद्याचा जोर लावायला आपण काही विहिरीची मोट ओढत नाही. तीन बोल्ट नियमाने बसले. चौथ्याच्या वेळी अंकुशला वाटलं, एवढा विश्वास टाकलाय, थेंबभरही पाणी गळायला नको. त्याने पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप अडकवला आणि दिला जोर. कट्! बोल्टचं डोकं तुटून हातात आलं आणि धड तसंच इंजिनात रुतून राहिलं.

मिस्त्री मारायचे नाहीत, ओरडायचेही नाहीत. पण वर्षभरापूर्वी खोटं बोलणाऱ्या एकाच्या हातातून त्यांनी शांतपणे पाना काढून घेतला होता आणि "उद्यापासून येऊ नकोस" एवढंच म्हटलं होतं. अंकुशला ते गॅरेज आपल्या घरापेक्षा प्रिय होतं. त्याने फळीवरचं, फटी बुजवायचं काळं लुकण घेतलं आणि तुटलेलं डोकं होतं तिथे चिकटवून टाकलं. वरून ग्रीसचा हात फिरवला. चारही बोल्ट जागेवर दिसू लागले.

काम संपलं की मिस्त्री प्रत्येक बोल्टवर पाना हलकेच वाजवून बघत. पक्का बसलेला बोल्ट खणखणतो, ढिला बद्द वाजतो. त्या दिवशीही त्यांनी वाजवलं. टण, टण, टण... आणि तेवढ्यात काकूंनी चहाला हाक मारली. पाना खाली ठेवून मिस्त्री आत गेले. सुटलो रे बाबा, असं अंकुश मनात म्हणाला.

सुटला कसला! त्या कोपऱ्यातून चढावर थेंब थेंब पाणी गळू लागलं. घाटाच्या निम्म्यात, जांभळाच्या झाडाखाली, जीप दर वेळी वाफा टाकू लागली. मिस्त्री पाण्याचा डबा बरोबर ठेवू लागले. इंजिन निवेपर्यंत सगळे झाडाखाली बसत. काकू भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोडत आणि माहेरच्या गोष्टी सांगत. मागच्या फळीवर बसलेला अंकुश मान खाली घालून भाकरी खाई. तो शहरात गेला तरी दर दिवाळीला मिठाईचा पुडा घेऊन पाया पडायला येई. त्या जीपचं बॉनेट मात्र त्याने कधी उघडलं नाही. आणि दर दिवाळीला मिस्त्री चार माणसांत सांगत, "पोरं पुष्कळ शिकवली, पण अंकुशच्या हातून कधी बोल्ट तुटला नाही." अंकुश मिठाई वाटायला उठे.

असा तो अंकुश दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये उभा राहिला. मनात एकच बेत होता: मिस्त्रींची पाठ वळली की तो बोल्ट काढायचा, नवा घालायचा, आणि विषय मिटवायचा.

"तुम्ही आत आराम करा मिस्त्री. मी करतो सगळं."

"आराम करूनच कंटाळलोय," असं म्हणत मिस्त्रींनी बाज ओढली आणि बरोबर इंजिनासमोर टाकली.

झालं! अंकुशने मग रेडिएटर धुतला. पंख्याचा पट्टा बदलला. पाणी बदललं. गाडी चढावर नेऊन आणली. वाफा येतच होत्या. इंजिन निवायला तासभर थांबून त्याने होझपाइप तपासले, मग ते पुन्हा तपासले. काकू दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! अरे, पाणी त्या पंपापाशी गळतंय, मला इथून दिसतंय."

आता इलाज नव्हता. अंकुशने पंपाला पाना लावला. पहिला बोल्ट आला, दुसरा आला, तिसरा आला. चौथ्याला बोट लागलं मात्र, डोकं अलगद हातात आलं. त्याने ते पटकन खिशात टाकलं. पण मिस्त्री बघत होते.

"तुटलाय वाटतं," अंकुश म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. "जुनं लोखंड, मिस्त्री. दमलं असेल."

"असेल," मिस्त्री म्हणाले. "काढ मग."

पंप उतरवला तेव्हा बोल्टचं गंजकं धड इंजिनातून अर्धा इंच बाहेर डोकावत होतं. अंकुशने शहरातून आणलेली पेटी उघडली. त्यात तऱ्हेतऱ्हेची गिरमिटं होती, उलट्या आट्यांची हत्यारं होती, विजेचं ड्रिल होतं. मिस्त्रींनी ती पेटी पायाने बाजूला सरकवली.

"एवढा तोफखाना कशाला? अगं, कोनाड्यातली मेणबत्ती आणतेस का?"

मेणबत्ती आली. मिस्त्रींनी सांगितलं तसं अंकुशने ब्लोलॅम्पच्या ज्योतीने बोल्टच्या भोवतीचं लोखंड तापवलं, घाई न करता, चहूबाजूंनी. मग मेणबत्तीचं टोक बोल्टच्या मुळाशी टेकवलं. मेण वितळून आट्यांमध्ये शोषलं गेलं. शेडमध्ये तापल्या मेणाचा तोच जुना वास दरवळला. त्या वासासरशी अंकुशला एकदम बावीस वर्षांचं झाल्यासारखं वाटलं. फळीवरची हत्यारं, भिंतीवरचं फाटकं कॅलेंडर, काकूंच्या चहाची हाक, सगळं अगदी जवळ आलं, आणि त्याचे डोळे भरून आले.

त्याने पकडीने बोल्ट घट्ट धरला आणि डावीकडे फिरवू लागला.

"उजवीकडे," मिस्त्री म्हणाले.

अंकुश थबकला. "मिस्त्री, उजवीकडे आवळला जाईल!"

"आवळू दे."

म्हाताऱ्याचं आता वय झालं, असा विचार त्याच्या मनात चमकून गेला. पण गुरूचा शब्द होता. त्याने पकड उजवीकडे दाबली. काहीच हललं नाही. पुन्हा दाबली. आणि आतून अगदी बारीक 'कुई' असा आवाज आला. बोल्ट केसभर पुढे सरकला होता.

"आता कळलं?" मिस्त्री म्हणाले. "ज्या दिशेने आवळताना तुटला, त्या दिशेने त्याला आधी केसभर परत न्यावं लागतं. गंजाची मिठी तिथे सुटते. तिथून नुसतं उलटं पळायला बघशील, तर उरलेलाही आत तुटेल. पण आवळायच्या आधी ऊब हवी. थंड बोल्ट आवळला की तो हट्टाने बसतो."

अंकुशच्या हातून पकड खाली पडली. इतका वेळ खिशात दडवलेलं ते डोकं त्याने बाहेर काढलं. मग मूठ उघडून पुढे धरली.

"लोखंड दमलं नव्हतं, मिस्त्री. मी तोडलाय तो. पंप बसवला त्या दिवशी. पान्याला पाइप लावून खांद्याचा जोर दिला. आणि लुकणाने डोकं चिकटवून गप्प बसलो. तुम्ही पाना काढून घ्याल म्हणून घाबरलो होतो."

"कुठला पाइप?"

"हातपंपाचा."

"वाटलंच मला," मिस्त्री म्हणाले. "दुसऱ्या दिवशी वाकलेला दिसला."

मिस्त्रींनी त्याच्या तळहाताकडे बोट केलं. "तू लुकण कुठल्या रंगाचं लावलंस?"

"काळं."

"आणि हे?"

अंकुशने डोकं उलटं करून पाहिलं. त्याला चिकटलेलं लुकण राखाडी होतं.

"तुझं पहिल्याच उन्हाळ्यात गळून पडलं. पुढे तीनदा मीच चिकटवलं. आणि तू हात धुवायला गेलास तेव्हाच मी चौथा बोल्ट वाजवून पाहिला होता. बद्द वाजला."

"मग बोलला का नाहीत?" अंकुशचा आवाज फुटला. "सव्वीस वर्षं काकूंना त्या घाटात बसवून ठेवलंत! एक शब्द बोलला असता तर..."

मिस्त्री म्हणाले, "म्हटलं, आपणहून येईल. आठ दिवस धरले होते मी. पुढे दर दिवाळीला चार माणसांत म्हणायचो, अंकुशच्या हातून बोल्ट तुटला नाही. ते काय नुसतं कौतुक होतं होय रे? केसभर आवळून बघत होतो तुला. पण ऊब द्यायचं राहून गेलं. एकट्याला जवळ बसवून विचारायला हवं होतं. नाही विचारलं. विचारलं तर तू पुन्हा यायचा नाहीस, ही भीती मलाही होती. गॅरेज बंद झाल्यावर दिवाळीला दार वाजवणारा तू एकटाच उरला होतास. तेव्हा चूक तुझी एक आणि माझीही एक. आता काढ तो बाहेर, मेण थंड होतंय."

अंकुशने बाहीने डोळे पुसले आणि पकड उचलली. किंचित उजवीकडे, मग डावीकडे. पुन्हा किंचित उजवीकडे, मग डावीकडे. बोल्ट कुरकुरत फिरू लागला आणि शेवटी सगळाच्या सगळा बाहेर आला.

"निघाला एकदाचा!" दारातून काकू म्हणाल्या. "चहा टाकते."

नवे चारही बोल्ट अंकुशने मनगटाने आवळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप घाट चढू लागली. अंकुश चालवत होता, शेजारी मिस्त्री, मागे उशीला टेकून काकू. तापमानाचा काटा मधोमध स्थिर होता. दोन वळणं गेली, तिसरं गेलं. जांभळाचं झाड दिसलं आणि गाडी त्याच चालीने पुढे निघाली.

"अरे, थांबव!" मागून काकू ओरडल्या.

"काकू, गाडी तापली नाही आज."

"गाडीचं कोण बोलतंय? मी भाकरी आणलीय."

जीप झाडाखाली उभी राहिली. काकूंनी फडकं सोडलं. तीच भाकरी, तीच चटणी. सवयीने मिस्त्रींनी बॉनेट वर केलं आणि खिशातला पाना अंकुशच्या हाती दिला.

"वाजव."

टण. टण. टण. चौथ्यापाशी त्याचा हात अडला. मिस्त्री वाट बघत उभे होते. त्याने पाना टेकवला.

टण.

मिस्त्रींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि भाकरीचा तुकडा पुढे केला. या वेळी अंकुशने मान वर करून तो खाल्ला. पुढे तासाभराने, शेवटच्या वळणावर जीपचा आवाज घुमला तेव्हा, वरच्या गावात अंथरुणावरून एक म्हातारा म्हणाला, "दार उघडा रे, ताई आली."

वाचकहो, डोकं चिकटवलेला एखादा बोल्ट तुमच्याही घरी असेल. तो काढायला बसाल तेव्हा आधी मेणबत्ती शोधा.