एका पानाचं संशोधन

विकसनशील देशांना उपयोगी पडणाऱ्या शेती संशोधनाला दरवर्षी एक मोठा पुरस्कार मिळत असे. जिंकलेलं संशोधन अकरा भाषांत छापून देशोदेशींच्या गावांत वाटलं जाई. निवड समितीचे अध्यक्ष डॉ. हळबे मात्र प्रबंध वाचण्याआधी वजनकाट्यावर ठेवत. यंदा एकाचा प्रबंध हातगाडीवरून आला होता. त्याची नुसती प्रस्तावनाच तीन किलो भरली.

भंडाऱ्याच्या इंदुमती खोब्रागडे यांनी आणलं होतं एकच पान. कडधान्य डब्यात काठोकाठ भरायचं आणि झाकणाची फट मेणाने बुजवायची, की आतले भुंगे हवेवाचून मरतात. पाच वर्षं गावोगाव हिंडून त्यांनी हे करून पाहिलं होतं. पण पान ठेवल्यावर काटा हललासुद्धा नाही.

अध्यक्षांनी पान वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, हे तर मला दोन मिनिटांत समजलं! मी एकदाही अडलो नाही, मग याला संशोधन कसं म्हणायचं?"

इंदुमतींनी हात जोडले. "साहेब, शाळेची पायरी न चढलेल्या बायकांना हे समजतं, याची माझी खात्री झाली होती. विद्वानांना समजेल का, एवढीच धास्ती होती. ती आज तुम्ही मिटवलीत. आता हे जगात कुणालाही समजेल."

समितीच्या बाकीच्या सदस्यांना एकाच वेळी खोकला आला. अध्यक्षांनी पानाच्या तळाशी लिहिलं, 'मला समजले', आणि सही केली.

अकरा भाषांत पानासोबत तेही छापलं गेलं.